पहिलवानाची गरी

माणसाला नाद एकच असावा, असे सांगणारे लोक आमच्या नाशिक रोडला बक्कळ आहेत. त्यांतल्या पुष्कळांना स्वतःला एकही नाद नसतो, ही गोष्ट निराळी. तसे पाहिले तर आमचे गाव नादिष्टांचेच. प्रेसमध्ये आयुष्यभर नोटा नाहीतर तिकिटे छापून निवृत्त झालेले गृहस्थ घ्या. कोणी सकाळी उठून पेटी काढून बसतो, कोणी गुलाबाची कलमे करतो, कोणी कबुतरे पाळतो. एक गृहस्थ तर असे आहेत की ते रोज दुपारी स्टेशनावर जातात आणि कोणती गाडी किती मिनिटे उशिरा आली ते वहीत टिपून ठेवतात. रेल्वेशी त्यांचा काडीइतका संबंध नाही. त्यांना कोणी काही म्हणत नाही. उलट 'हौशी माणूस' म्हणून कौतुकच होते.

पण पहिलवानाने हौस केली की मात्र गहजब! पहिलवानाने म्हणे पहाटे चारला उठावे, जोर काढावेत, बैठका माराव्यात, माती अंगावर घ्यावी, दूध प्यावे, झोपावे, पुन्हा उठून माती अंगावर घ्यावी आणि पुन्हा झोपावे. या कार्यक्रमात तिसरी गोष्ट शिरली की ती व्यसनातच जमा. मग ती बुद्धिबळे असोत, बासरी असो, नाहीतर मासे धरायचा गळ असो.

मी ज्याच्याविषयी सांगणार आहे त्याचे नाव देत नाही. दिवाळी अंक तालमीतही जातात, आणि हा अंक त्याच्या वस्तादांच्या हाती पडला तर दोघांचीही पंचाईत व्हायची. एवढेच सांगतो की स्वारी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची आहे, वजन नव्वदीच्या पुढचे आहे, दोन्ही कान मोडून त्यांच्या गाठी झालेल्या आहेत, आणि निफाडापासून संगमनेरापर्यंतच्या हगाम्यांत त्याचे नाव पुकारले की हलगीवाला जरा जास्त जोरात वाजवतो. कुस्ती हे त्याचे पोट आहे. गावोगावच्या यात्रांत जी इनामे लागतात त्यांवर त्याचा खुराक चालतो, धाकट्या भावाचे शिक्षण चालते आणि घरचे कर्जही थोडेथोडे फिटते. म्हणजे ही काही सकाळी फिरायला जाण्यासारखी कुस्ती नव्हे. एक कुस्ती हरली तर त्या महिन्याचे बदाम बंद होतात.

आणि या माणसाला गरी टाकण्याचा विलक्षण नाद आहे.

पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याने सिन्नर फाटा ओलांडला की पुढे चेहेडीपाशी दारणा लागते. ही नदी सह्याद्रीत इगतपुरीकडच्या डोंगरांत उगम पावते, नांदगावच्या धरणात थोडी विसावा घेते (हे धरण इंग्रजांच्या काळातले, १९१६ सालचे), आणि आमच्या अंगणावरून जाऊन खाली सांगवीपाशी गोदावरीला मिळते. म्हणून तर त्या गावाला दारणा सांगवी म्हणतात. गोदावरीच्या नशिबी तीर्थक्षेत्राचे सगळे भोग आले. दारणेला तेवढी प्रतिष्ठा नाही, त्यामुळे तिचे पाणी त्या मानाने बरे राहिले. काठाला ऊस, मध्ये खडक, खडकांमधून डोह. अशा एका डोहावर आमचे पहिलवान दुपारी येऊन बसतात.

बसतात म्हणजे कसे, ते पाहण्यासारखे आहे. एवढा अवाढव्य देह, पण खडकावर असा टेकतो की खडकालासुद्धा पत्ता लागू नये. हातात बांबूची साधी काठी. तंगूस पाण्यात सोडलेला. त्याला मोरपिसाच्या दांडीचा तरंगणारा तुकडा. गरीला कधी गांडूळ, कधी कणकेचा गोळा. रोहू-कटल्यासाठी कणीक चालते, मरळ मात्र मांसाहारी आणि हट्टी, तिला जिवंत बेडकी किंवा चिंगळी लागते. वाम रात्रीची चांगली लागते म्हणतात, पण रात्रीचा विचार आता कोणी करीत नाही. दारणाकाठच्या उसात बिबट्यांनी घर केले आहे. २०२० साली याच काठच्या गावांत त्यांनी माणसे मारली, तेव्हापासून दिवस कलला की नदीवर चिटपाखरू राहत नाही. आमचे पहिलवानही पाच वाजता काठी आवरतात. शंभर किलोच्या गड्याला अंगावर घेणारा माणूस बिबट्याला भितो का, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, "काका, त्याला नियम ठाऊक नसतात ना."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसू लागलो त्याला आता तीन वर्षे होतील. मला स्वतःला मासे धरता येत नाहीत आणि धरावेसेही वाटत नाहीत. मला नुसते पाहायला आवडते. पहिले दोन-तीन दिवस तो माझ्याशी बोललाच नाही. नंतर कळले की मी वस्तादांचा हेर असेन अशी त्याला शंका होती.

वस्तादांचा आक्षेप काय, तेही सांगितले पाहिजे. कारण तो खुळचट नाही. त्यांना मी तालमीत भेटलो आहे, अर्थात हा विषय न काढता. ते जुन्या वळणाचे आहेत. त्यांचे म्हणणे असे, की पहिलवानाची मेहनत तालमीत होत नाही, ती झोपेत होते. तालमीत अंग मोडते आणि झोपेत ते बांधले जाते. सकाळच्या मेहनतीनंतर दुपारी दोन तास गाढ झोपला नाही तो संध्याकाळी लढतीला उभा राहून काय उपयोग? दुसरे, हात. कुस्तीत पकड बोटांची असते. बोटात गरी रुतली, जखम चिघळली, की पंधरा दिवस गेले. आणि आखाड्यातल्या मातीत उघडी जखम घेऊन उतरणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. तिसरे, संगत. नदीवर जमणारी मंडळी विडी ओढतात, आणखीही काही करतात. पहिलवानाचे नाव एकदा खराब झाले की हगाम्यात जोड मिळत नाही. चौथी गोष्ट त्यांनी हळूच सांगितली: "दोन ठिकाणी जीव लावला की एका ठिकाणचा कमी पडतो. बायकोचं आणि मातीचं एकाच वेळी कोणाला जमलं नाही, तिथं तिसरं काय जमणार?"

या चारांपैकी पहिल्या तिन्हींची तोड आमच्या पहिलवानाने काढलेली आहे. तो नदीवर येतो तो आठवड्यातून दोनच दिवस. एक दिवस तालमीच्या सुटीचा, आणि दुसरा असा की ज्या दिवशी संध्याकाळी नुसती हलकी मेहनत असते. बोटांना तो कापडाची पट्टी गुंडाळतो, आणि मासा लागला की गरी स्वतः काढीत नाही, चिमट्याने काढतो. संगतीचे म्हणाल तर तो आणि मी, शिवाय एक म्हातारा कोळी, जो दिवसभरात तीन शब्द बोलतो. चौथ्या आक्षेपाला मात्र उत्तर नाही. तेथेच तर सगळी गोम आहे.

कारण असे पाहा. कुस्तीचा हंगाम आणि गळाचा हंगाम, दोन्ही एकाच मुहूर्तावर सुरू होतात. पावसाळ्यात आमच्याकडे शेतीची गडबड, नद्यांना पूर, धरणातून पाणी सोडलेले. नागपंचमीच्या चार कुस्त्या सोडल्या तर मैदाने बंद. तालमीत मेहनत चालू असते, पण इनामाची कुस्ती नाही. म्हणजे पहिलवानाला वेळ तो पावसाळ्यात. आणि नेमक्या त्याच दिवसांत दारणा गढूळ, लाल, दोन्ही काठ धरून धावत असते. तिच्यात गळ टाकणे म्हणजे रेल्वेच्या डब्यावर खडा मारण्यासारखे. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यांतून चढतात तेव्हा अवघा गाव टोपल्या घेऊन धावतो हे खरे, पण ती अंडी घालायला निघालेली मादी असते. आमचे पहिलवान तिला हात लावीत नाहीत. मला विचाराल तर कोणीच लावू नये. एका माशाबरोबर पुढच्या सालचे हजारो मासे आपण कालवणात घालतो.

मग कोजागिरी होते, पाणी निवळते, डोहाचा तळ दिसू लागतो, मासा खायला वर येतो, आणि त्याच आठवड्यात कोठल्या तरी गावच्या यात्रेचे पत्रक तालमीच्या दारावर चिकटते. तेथून जे सुरू होते ते थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. कार्तिकी झाली, चंपाषष्ठी झाली, दत्तजयंती झाली, मग माघी, मग चैत्रातल्या देवीच्या यात्रा. आज सिन्नर, परवा निफाड, तेरवा अकोले. सकाळी नारळाच्या कुस्त्यांपासून सुरुवात, तिथे सहा-सात वर्षांची पोरे नारळासाठी झोंबतात, आणि दिवस मावळताना शेवटची मोठ्या इनामाची. आमच्या पहिलवानाचा नंबर शेवटून दुसरा किंवा तिसरा. म्हणजे दिवसभर उपाशीपोटी बसायचे, आणि उजेड जाता जाता पाच-दहा मिनिटांत सहा महिन्यांची मेहनत विकायची.

आता येथे माझ्यासारख्या लिहिणाऱ्याला एक मोह होतो. मासे धरण्याने संयम येतो आणि तो संयम कुस्तीत कामी पडतो, असे म्हणून टाकावे. दाखलाही हाताशी आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनला गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. गामाने त्याला सुरुवातीलाच खाली घेतले. त्यानंतर तो गडी जो पोटावर पडला तो अडीच तासांच्या सुमाराच्या त्या लढतीत बहुतेक वेळ उठलाच नाही. तळाच्या चिखलात तोंड खुपसून बसलेली वामच जणू! कुस्ती बरोबरीत सुटली. पुन्हा लढायची तारीख ठरली तेव्हा झिबिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळाला दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत आसमान दाखवले. सतरा वर्षे दोर धरून बसावे आणि मासा एका झटक्यात बाहेर काढावा, तसे. केवढा सुंदर दाखला!

मी तो मोठ्या ऐटीत आमच्या पहिलवानाला ऐकवला. तो काठीवरची नजर न काढता म्हणाला, "काका, आता तसं राहिलं नाही. मातीवर खडाखडीत थोडा वेळ मिळतो. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. गप्प राहिलात की पंच ताकीद देतो, पुन्हा गप्प राहिलात की तीस सेकंदांचं घड्याळ लावतो. तेवढ्यात गुण घेतला नाही तर समोरच्याला गुण. संयम ठेवला तर हरतो माणूस."

"मग इथे येऊन मिळते काय?"

त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाला, "इथं मला कोणी बघत नाही."

मला वाटते, या एका वाक्यात जेवढे आहे तेवढे संयमावरच्या शंभर लेखांत नसेल. पहिलवानाचे सगळे आयुष्य लोकांच्या डोळ्यांसमोर चालते. तो रस्त्याने जातो तेव्हा मांड्या पाहतात, जेवायला बसतो तेव्हा भाकऱ्या मोजतात. हरला तर पारावर बसलेली, जन्मात लांग न चढवलेली माणसे त्याला सांगतात की तू पट काढायला हवा होतास. जिंकला तर तीच माणसे खांद्यावर घेतात. मासा बिचारा काही सांगत नाही. तो येतो किंवा येत नाही, आणि आला नाही तर त्या महिन्याचे बदाम बंद होत नाहीत.

वजनाचीही एक भानगड आहे. मोठ्या गटातल्या मातीच्या कुस्तीला ती फारशी नडत नाही, पण वजनगटात लढणाऱ्यांचे हाल कुत्रा खात नाही. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत एक गट दोन दिवस चालतो आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगटचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. पन्नास किलोच्या गटात पहिल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेलेली ती मुलगी दुसऱ्या सकाळी शंभर ग्रॅमने जास्त भरली, आणि गेले सगळे. शंभर ग्रॅम म्हणजे किती? आमच्या डोहातली हातभर नव्हे, वीतभर शिंगटीसुद्धा त्यापेक्षा जड असते. आमचे पहिलवान दोन-तीन वर्षांपूर्वी एका गादीवरच्या स्पर्धेसाठी वजन उतरवीत होते. तेव्हा तीन दिवस पाण्याचा घोट मोजून घेत होते आणि त्याच वेळी नदीकाठी येऊन बसत होते. सगळीकडे पाणी आणि प्यायचे नाही. मी म्हटले, ही काय स्वतःची छळणूक? तर म्हणतात, "घरी बसलो असतो तर माठापाशी गेलो असतो. इथलं पाणी कुठं पिण्यासारखं आहे?" या हिशेबाला तोड नाही.

पकडलेल्या माशांचे काय करतात, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. माझ्या मनात तो पहिल्या दिवशीच आला होता. अर्धे ते सोडून देतात. उरलेले त्या म्हाताऱ्या कोळ्याच्या टोपलीत. तालमीत मटणाचे सूप चालते, अंडी चालतात, दूध-तूप-बदाम तर हवेतच, पण या पोराच्या घरी माळ आहे. आई वारकरी. म्हणजे मासे धरण्याचे इतके वेड असलेल्या या पहिलवानाने जन्मात मासा खाल्लेला नाही! आईला नदीवर जाण्याचे ठाऊक आहे. तिचे एवढेच म्हणणे आहे की सोडता येईल तेवढे सोड.

जगात असा हा एकटाच आहे अशी माझी समजूत होती. पण मुष्टियुद्धाची जुनी पुस्तके चाळताना मला त्याचा एक थोरला भाऊ सापडला. त्याचे नाव जॅक शार्की. खरे नाव झुकाउस्कास, आईबाप लिथुआनियातून अमेरिकेत आलेले, जन्म १९०२ चा. आरमारात खलाशी होता. मुष्टियुद्धात पडला तेव्हा जॅक डेम्प्सीमधला जॅक आणि टॉम शार्कीमधला शार्की घेऊन त्याने स्वतःचे बारसे केले. डेम्प्सी आणि जो लुई या दोन्ही महान मुष्टियोद्ध्यांशी रिंगणात लढलेला हा एकच माणूस. दोघांकडूनही मार खाल्ला, हा भाग वेगळा.

डेम्प्सीबरोबरची त्याची १९२७ ची लढत प्रसिद्ध आहे. सातव्या फेरीत शार्कीला वाटले की डेम्प्सी कमरेखाली मारतो आहे. तक्रार करायला त्याने पंचाकडे मान वळवली, आणि तेवढ्यात डेम्प्सीने हनुवटीवर असा ठोसा दिला की शार्की आडवा. नजर एक क्षण हलली आणि मासा सुटला, म्हणा ना. १९३० साली जर्मनीच्या श्मेलिंगला त्याचाच ठोसा कमरेखाली बसला आणि त्यापायी जगज्जेतेपद हातचे गेले. १९३२ साली त्याच श्मेलिंगला गुणांवर हरवून ते त्याने मिळवले, आणि वर्ष पुरे होताच इटलीच्या कार्नेरा नावाच्या राक्षसाकडे गमावले. १९३६ साली जो लुईने तिसऱ्या फेरीत झोपवले, आणि शार्कीने हातमोजे उतरवले. त्या वेळी वय तेहेतीस. मोठा लहरी, तापट, रिंगणात डोळ्यांत पाणी आणणारा गडी होता म्हणतात.

आणि पुढे? पुढे हा माणूस माशीच्या गळाने मासे धरण्यातला उस्ताद झाला. माशीचा गळ म्हणजे पिसे आणि दोरा यांची खोटी माशी करून ती लांब दोरीने पाण्यावर अलगद उतरवायची. फार नाजूक काम. बेसबॉलचा विख्यात फटकेबाज टेड विल्यम्स यालाही हेच वेड होते. ते दोघे मिळून शिकारी आणि मासेमारीच्या प्रदर्शनांतून दोरी फेकण्याची प्रात्यक्षिके करीत, आणि लोक तिकीट काढून ती पाहायला जात. ज्या हातांनी डेम्प्सीला ठोसे मारले, ते हात पिसाची माशी पाण्यावर अशी ठेवीत की तरंग उठू नये! शार्की १९९४ साली वारला, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी. रिंगणातली वर्षे बारा, नंतरची वर्षे अठ्ठावन्न. हा आकडा मी पहिलवानाला सांगितला तेव्हा तो पहिल्यांदाच काठी खाली ठेवून माझ्याकडे वळला.

रिंगणात असतानाच दुसरा नाद केला म्हणून लोकांनी टिंगल केलेला मनुष्य निराळा. जीन टनी त्याचे नाव. १९२६ साली डेम्प्सीशी लढण्याच्या तयारीत असताना एका वार्ताहराने त्याला सॅम्युएल बटलरची कादंबरी वाचताना पाहिले. झाले! पुस्तके वाचणारा गडी डेम्प्सीपुढे काय टिकणार, म्हणून सगळी वर्तमानपत्रे हसली. सप्टेंबरात टनीने दहा फेऱ्यांत डेम्प्सीला हरवून जगज्जेतेपद घेतले. नंतर कोणी त्याच्या वाचनाला हसल्याचे ऐकिवात नाही. पण समजा तो हरला असता तर? तर दोष ठोशाला मिळाला नसता, कादंबरीला मिळाला असता. आमच्या पहिलवानाची खरी अडचण हीच आहे. मागच्या चैत्रात तो एक मोठी कुस्ती हरला. समोरच्याने ढाक लावली, हा सावध होता, पण उजवा गुडघा वळला आणि पाय मातीत राहिला. गुडघ्याचे दुखणे जुने आहे आणि ते तालमीतले आहे, नदीवरचे नव्हे. पण ज्यांना नदीची कुणकुण होती त्यांनी दुसऱ्याच दिवशी निकाल दिला: "मासे मारत बसतो, दुसरं काय होणार?"

गुडघ्याचे मी मुद्दाम सांगितले. डॉक्टरांनी दोन वर्षे सांगितली आहेत, फार तर तीन. मग हगामे बंद.

पहिलवानाचे पुढे काय होते, हा विषय आपल्याकडे कोणी काढीत नाही. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव घ्या. स्वतंत्र भारतातल्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आले तेव्हा गोळेश्वराच्या वाटेवर बैलगाड्यांची रांग लागली. आणि मग? १९५५ साली पोलिसांत सबइन्स्पेक्टर. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. मिरवणूक एक दिवस चालते, नंतरची वर्षे चालवायला दुसरे काही लागते.

आमच्या बाजूलाही एकदा मिरवणूक निघाली होती. २०२० च्या जानेवारीत हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला तेव्हाची गोष्ट. पोरगा मूळचा अकोले तालुक्यातला, पण आमच्या शेजारच्या भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत त्याने माती अंगाला लावली आणि लढला नाशिककडून. ही गदा १९६१ पासून दिली जाते, पण नाशिकच्या वाट्याला ती तोवर आली नव्हती. अंतिम फेरीत समोर लातूरचा शैलेश शेळके. दोघेही पुण्याच्या काका पवारांच्या एकाच तालमीतले. ३–२ असा निकाल लागला आणि जिंकलेल्याने हरलेल्यालाच खांद्यावर उचलून घेतले. आमचा पहिलवान ती कुस्ती पाहायला बालेवाडीला गेला होता. त्याला त्या ३–२ मधला एकेक गुण पाठ आहे. पण तो पुनःपुन्हा सांगतो ते खांद्यावर घेतल्याचे.

या श्रावणात, पाऊस उघडलेला असताना, आम्ही दोघे नांदूर मध्यमेश्वरला गेलो होतो. गोदावरीवरच्या त्या बंधाऱ्यापाशी पक्ष्यांचे अभयारण्य आहे, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. तेथे गळ टाकायचा नाही, नुसते पाहायचे. पहिलवान दुर्बीण डोळ्याला लावून खंड्याकडे बघत होते. खंड्या वरून सरळ खाली पडला, चोचीत चांदीचा तुकडा घेऊन वर आला आणि फांदीवर आपटून गिळता झाला. "निकाली कुस्ती," एवढेच ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, दुर्बीण न काढता: "काका, मच्छीमार संस्थेचं सभासद व्हायला काय लागतं हो?"

मी माहिती काढली. धरणांतली, तलावांतली मासेमारी मत्स्य विभाग बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. तलावात मत्स्यबीज सोडणे, राखण, विक्री, सगळे संस्थेने पाहायचे. सभासद मुख्यतः याच धंद्यावर जगणारे भोई-कोळी असतात, आणि ते योग्यच आहे. हौशी मंडळींचे क्लब वेगळे, मुंबईला पवईच्या तलावावर अशांची संस्था आहे, तिथे मासा धरून वजन करून सोडूनही देतात. पण शेततळ्यात मासे पाळायला कोणाची ना नाही. पहिलवानाच्या घरची तीन एकर जमीन आहे आणि द्राक्षाच्या बागेसाठी खणलेले एक शेततळेही आहे. यंदा त्यात रोहू आणि कटल्याची बोटभर पिले सोडली आहेत. आईची हरकत होती. मग असे ठरले की ती धरायची भावाने. पहिलवानाने नुसते खाद्य घालायचे.

तालमीतून आल्यावर संध्याकाळी ते खाद्य घालतात. ही बातमी वस्तादांना लागली. त्यांनी जाऊन तळे पाहिले, काठाभोवती एक चक्कर मारली, पिले किती सोडली ते विचारले आणि म्हणाले, "बगळे येतील. वरून जाळी बांधून घे." नदीविषयी ते अजून एक शब्द बोललेले नाहीत.

आता दिवाळी झाली की हंगाम. यंदा आमच्या पहिलवानाने एक नवीनच व्यवस्था केली आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी तो बांबूची काठी, मोरपिसांची डबी, तंगुसाचे रीळ, असा सगळा संसार माझ्या घरी आणून ठेवून गेला. अक्षय्य तृतीयेपर्यंत मागितली तरी द्यायची नाही, अशी मला ताकीद आहे. काठी आमच्या मागच्या ओसरीत उभी केली आहे. आमच्या सौभाग्यवतींनी चौथ्याच दिवशी तिच्याने शेजारच्यांच्या झाडाचे तीन पेरू पाडले, आणि काठीची लांबी अगदी बेताची आहे असे त्यांचे मत पडले.